गोधडीत हरवलेलं टोक

मित्रांनो, माझं नाव ऐकून तुमच्यातले बरेच जण विचारतील, हे काय असतं? मी एक जुना अंगुस्ताना आहे, पितळेचा. शिवणाऱ्याच्या मधल्या बोटावर मी टोपीसारखा बसतो. सुई जाड कापडात अडली, की तिचं मागचं टोक माझ्या अंगावरच्या खळग्यात टेकवायचं आणि बोटानं रेटायचं. सुई पुढे जाते, बोट शाबूत राहतं. एवढंच माझं काम. पण या एवढ्याशा कामापायी एका दुपारी एका घरातल्या सगळ्यांचे श्वास माझ्यावर अडकले होते. ती दुपार मला तुम्हाला सांगायची आहे.

नाशकातल्या तांबट आळीत एका कारागिरानं मला घडवलं. हंड्याचा पत्रा कापताना उरलेला तुकडा त्यानं लहानशा ऐरणीवर ठोकून गोल केला आणि माझ्या डोक्यावर बारीक बारीक खळगे पाडले. पुढे बुधवारच्या बाजारात, गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या काठी, पोत्यावर मांडलेल्या सुया-बटणांत मी पडून होतो. तिथे चांगुणा आली. तिनं मला बोटात घातलं, हात खाली सोडला आणि जोरात झटकला. मी पडलो नाही. तिनं मला घेतलं.

चांगुणाचं घर मखमलाबादला. घरची झेंडू-शेवंतीची शेती. सकाळी ती फुलं घेऊन बाजारात बसायची आणि दुपारी गोधड्या शिवायची. तिच्या गोधडीला उलट-सुलट कळत नाही, असं लोक म्हणत. टाका वर तांदळाच्या दाण्याएवढा, खालीही तेवढाच. लग्नाच्या, बाळंतपणाच्या गोधड्यांसाठी लांबून बायका तिच्याकडे येत.

ती कशी शिवायची, ते मी रोज पाहिलं आहे. आधी जमीन लख्ख झाडायची. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायची. मग मधून कडेकडे लांब लांब कच्चे टाके घालत जायची, म्हणजे सुरकुत्या आपोआप बाहेर सरकतात. खडूत घोळवलेला दोरा ताणून सोडला, की कापडावर सरळ रेघ उमटायची. सुई ती आखूड आणि बारीक घ्यायची. लांब सुईनं टाकाही लांबतो, असं तिचं म्हणणं. दोरा हातभरच, मेणावरून ओढलेला. गाठ थरांच्या आत खेचून लपवायची. सुई उभी खाली जायची, गोधडीखालच्या डाव्या हाताच्या बोटाला टोक जेमतेम लागलं, की लगेच वर वळायची. असे तीन-चार टाके सुईवर भरले, की मग माझी पाळी. मी मागून रेटायचो आणि सगळे टाके एकदम पार व्हायचे. दोरा ती कधी हिसडायची नाही. टाका ओढायचा नाही, बसवायचा, असं ती म्हणायची.

सत्त्याण्णव साली तिच्या मुलाचं, जीवनचं, लग्न झालं आणि हरसूलची मनीषा सून म्हणून घरात आली. मुलगी कष्टाळू, पण हाताला घाई. तिचा एक टाका मुंगीएवढा, तर दुसरा मुंगळ्याएवढा. चांगुणा रागवायची नाही. ती नुसती कात्री घ्यायची आणि सुनेची अख्खी ओळ उसवून ठेवायची. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. मनीषा मान खाली घालून पुन्हा शिवायला बसायची. मी तिच्या बारीक बोटात सैल व्हायचो, गरगर फिरायचो, म्हणून ती मला काढून बाजूला ठेवायची आणि उघड्या बोटानंच सुई रेटायची. तिच्या बोटाला चिरा पडल्या होत्या. त्या ती सासूला दिसू देत नसे.

पुढच्या वर्षी चांगुणाची मुलगी शुभांगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगा झाला. समर्थ त्याचं नाव. बाळ सासरी, पिंपळगाव बसवंतला जाणार, तेव्हा सोबत आजीच्या हातची गोधडी हवीच. चांगुणानं आपल्या सगळ्यात मऊ लुगड्यांचे थर काढले. मऊ पांढऱ्या मलमलचं आवरण घातलं. दिवसरात्र बाळ-बाळंतिणीचं करता करता गोधडी मागे पडली आणि जायचा दिवस उद्यावर आला, तेव्हा एक कोपरा राहिलाच होता. त्या दिवशी फुलांचा मोठा तोडा होता. चांगुणाला बाजारात जाणं भाग होतं. जाताना ती मनीषाला म्हणाली, जमलं तर तेवढा कोपरा धर.

मनीषानं तो कोपरा मन लावून धरला. खरंच सांगतो, इतके सारखे टाके तिनं आधी कधी घातले नव्हते. पण अगदी कडेला तीन शिवणी एकत्र येत होत्या. तिथे सुई अडली. मी बाजूला गोधडीवर पडलो होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण सैल अंगुस्ताना घालायचा कंटाळा केला. शेजारची कात्री उचलली आणि तिच्या मुठीनं सुई रेटली. जोर तिरका पडला.

सुई मोडली. त्याच क्षणी आत कुकरची शिट्टी वाजली.

मनीषानं सुई मोडल्याचा एकच आवाज ऐकला. मी दोन ऐकले. एक बाहेर आणि एक कापडाच्या आत, अगदी बारीक.

सुईच्या नेढ्याकडचा तुकडा तिच्या चिमटीत होता. दुसरा कापडातून अर्धा वर आलेला. तिनं तो ओढून काढला, गोधडीवरून हात फिरवला, जमीन पाहिली. दोन तुकडे मिळाले, म्हणजे सुई मिळाली, असं तिला वाटलं. घराच्या रिवाजाप्रमाणे ते तुकडे तिनं सुयांच्या डबीत टाकले, नवी सुई ओवली आणि कोपरा पूर्ण केला. मला तोंड असतं, तर मी ओरडलो असतो.

संध्याकाळी चांगुणानं गोधडी हातात घेतली. कोपऱ्यावरून बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. मग म्हणाली, "हा कोपरा चांगला आलाय."

लग्न झाल्यापासून सासूनं केलेलं ते पहिलं कौतुक. मनीषाचं तोंड उजळलं. मित्रांनो, मला ते पाहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई शेखर जीप घेऊन आला. ओटी भरली, दृष्ट काढली आणि समर्थ त्या गोधडीसकट आईच्या मांडीवर निजून पिंपळगावला गेला.

ते गेल्यावर चांगुणा फाटलेलं पोतं शिवायला बसली. मला बोटात घातलं आणि सुईसाठी डबी उघडली. मोडके तुकडे तिच्या नजरेला पडले. सवयीनं तिनं ते तळहातावर जोडून पाहिले. मग पाकिटातली अखंड सुई काढून शेजारी ठेवली. तुकडे आखूड पडत होते. एक बाजू नेढ्याची होती, पण दुसरीला अणी नव्हती, नुसतं तुटलेलं बोथट तोंड.

तिनं सुनेला हाक मारली आणि हात पुढे केला.

"टोक कुठंय?"

मनीषानं त्या तळहातावरच्या तुकड्यांवरून बोट फिरवलं. मग ती म्हणाली, "गोधडीत मोडली होती."

 सुयांची डबी मुठीत आणि मी बोटात, तशीच चांगुणा कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथकडे धावली. शेखरच्या घराशेजारी किराणा दुकान होतं, तिथला नंबर घरात पाठ होता. पहिल्यांदा घंटा नुसती वाजत राहिली. दुसऱ्यांदा कुणीतरी उचलला, पण लाइनीत खरखर इतकी, की पलीकडचं बोलणं तुटक येत होतं. चांगुणा ओरडून सांगत होती, शेखरच्या घरी निरोप द्या, बाळाला त्या गोधडीत गुंडाळू नका. "गुंडाळू..." इथपर्यंत आली आणि लाइन गेली. मग पुन्हा लागलीच नाही. शेवटचा शब्द पलीकडे पोचला की नाही, कुणाला ठाऊक.

जीवन टेम्पो घेऊन फुलं पोचवायला गेला होता. दोघी सासू-सुना रिक्षानं नाशकातल्या द्वारका चौकात आल्या. द्वारकेला नेहमीसारखीच कोंडी. ट्रकमागे ट्रक, एस.टी. गच्च भरलेल्या. चांगुणा वाहनांमधून वाट काढत प्रत्येक गाडीला हात करत होती. शेवटी द्राक्षाचे रिकामे क्रेट घेऊन परत निघालेला एक टेम्पो थांबला. चालवणारा पुंजा पिंपळगावचाच होता. चांगुणानं दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं पुढचा दरवाजा उघडला आणि वाटेत चहाला थांबायचा होता तो थांबला नाही.

आडगाव गेलं. ओझर आलं. मागे क्रेट खडखडत होते. चांगुणाच्या बोटाला इतका घाम आला होता, की मी पहिल्यांदाच तिच्या बोटावर सैल झालो. ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होती आणि अंगठ्यानं माझ्या खळग्यांवर सारखी घासत होती. बाळाचं अंग किती कोवळं असतं, तुम्ही पाहिलं असेल. आणि सुईची अणी बोथट होत नाही, मित्रांनो. ती कापडात बसून राहते आणि कुणी हललं की सरकते.

ओझर मागे पडल्यावर मनीषा म्हणाली, "आई, मीच सांगते त्यांना. माझ्या हातनं मोडली."

"आधी पोर बघू," चांगुणा म्हणाली.

शेखरची आई रंगूबाई दारातच उभी होती. विहिणीला अशी अचानक, धापा टाकत आलेली पाहून ती चकित झाली. पण तिला वाटलं, निरोपाचीच काळजी असेल.

"निरोप मिळाला, विहीणबाई. गोधडीत नीट गुंडाळून ठेवा म्हणला दुकानवाला. मघाच गुंडाळलाय. रडत होता लय, आत्ता डोळा लागलाय."

चांगुणानं चपलाही न काढता उंबरा ओलांडला. मग आत जाता जाता म्हणाली, "कुणी उचलू नका त्याला. गोधडीत सुईचं टोक राहिलंय."

 पलंगावर समर्थ गोधडीच्या गाठोड्यात झोपला होता, फक्त तोंड बाहेर. शुभांगी झेपावली, तसा मनीषानं तिचा हात धरला. तिनं नणंदेला सांगितलं, की ओढलं तर टोक आत जाईल. चांगुणा पलंगाशी गुडघ्यांवर बसली. तिनं मला बोटातून काढून उशाशी ठेवलं आणि गोधडीचा पदर वर उचलून, कुठेही न दाबता, एक एक घडी उलगडायला लागली.  शेवटची घडी निघाली आणि बाळ मोकळं झालं.

त्याच्या पोटरीवर एक लांब लाल ओरखडा होता. टोकाला रक्ताचा थेंब.

बाळ जागं होऊन रडू लागलं. शुभांगीनं त्याला छातीशी घेतलं. शेखर पुढे आला, थेंब पाहिला आणि त्यानं विचारलं, की टोक गोधडीत आहे की याच्या पायात? कुणालाच सांगता येईना. तो शेजाऱ्याची जीप आणायला पळाला. टोक सापडलं नाही, तर नाशकाला नेऊन पायाचा एक्स-रे फोटो काढावा लागणार होता.

रंगूबाईचा आवाज चढला नाही. तो खाली गेला, आणि ते जास्त झोंबलं.

"बाळाच्या अंथरुणात सुया पाठवता व्हय?"

मनीषा समोर आली.  "मावशी, सुई माझ्या हातनं मोडली. मला वाटलं, दोनच तुकडे झाले. चूक माझी हाय."

चांगुणा गोधडी जमिनीवर पसरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "गोधडी घराबाहेर पडताना तपासायचं काम माझं. तिनं शिवलं, मी तपासलं नाय."

मग शोध सुरू झाला. मनीषानं तो कोपरा दोन्ही बाजूंनी चाचपला. काही नाही. पुन्हा चाचपला. चांगुणानं सांगितलं, की बाळाला त्यात गुंडाळलं, हलवलं, टोक तिथं राहिलं नसेल, चालत गेलं असेल. म्हणजे आता अख्खी गोधडी. पांढऱ्या मलमलवर पांढरा दोरा, आणि चांगुणाच्या डोळ्यांत पाणी साठलेलं. तिला रेघही दिसेना. थर इतके जाड, की मनीषाच्या नुसत्या बोटांना आतलं काही कळेना.

चांगुणानं पलंगावरून मला उचललं. पदराची चिंधी फाडून माझ्या आत गोल बसवली आणि मनीषाच्या मधल्या बोटात मला घट्ट रोवलं. हे ती कितीतरी आधी करू शकली असती, पण तसं तिच्या मनात आलं नव्हतं.

"ह्याला कापड कळतं," ती म्हणाली. "ओळीओळीनं दाबत ये. घाई नाय करायची."

मित्रांनो, मी आयुष्यभर सुईला मागून ढकललं होतं. आता मला ती शोधायची होती. मनीषानं मला पहिल्या ओळीवर टेकवलं आणि दाबत दाबत पुढे नेलं. मऊ, मऊ, मऊ. ओळ संपली. दुसरी ओळ. मऊ. बाहेर जीपचा आवाज आला आणि थांबला. शेखर दारात येऊन उभा राहिला. शुभांगी बाळाला घेऊन उठली. मनीषानं वर पाहिलं नाही. तिचा श्वास माझ्यावर येत होता. या टाक्याला मी टेकलो, पुढच्याला टेकलो, आणि चांगुणानं घातलेले ते टाके इतके सारखे होते, की मधे जरा काही वेगळं आलं असतं तर मला लागलंच असतं.

आणि लागलं. माझ्या कडेला खालून काहीतरी टक्कन भिडलं. धातूला धातू.

मनीषाचं बोट जागीच थांबलं. तिनं हळूच विचारलं, "आई, हे..."

"दाबून धर. सोडू नको."

चांगुणानं डबीतल्या ब्लेडनं दोन टाके कापले, थर बाजूला केले. मनीषानं मला वरून घट्ट दाबून ठेवलं होतं, टोक पुन्हा सरकू नये म्हणून. मग तिनं मला किंचित उचललं आणि चांगुणानं नखांच्या चिमटीत ते धरून ओढलं. तिळाएवढा काळपट चकाकता तुकडा.

 चांगुणानं डबीतून अखंड सुईही बरोबर आणली होती. तिनं ती रंगूबाईसमोर पाटावर ठेवली आणि शेजारी तिन्ही तुकडे एकापुढे एक लावले. रंगूबाई वाकली. डोळे बारीक करून तिनं एकदा या सुईकडे, एकदा त्या तुकड्यांकडे पाहिलं. तुकड्यांची लांबी बरोबर भरली. बाळाच्या पायात काही नव्हतं.

शुभांगी तेव्हा रडली. आधी रडायला तिला सवडच झाली नव्हती.

शेखर आणि शुभांगी तरीही बाळाला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी जखम धुतली, पायावर नीट बोट फिरवून पाहिलं, इंजेक्शन दिलं आणि घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं. ते परत येईपर्यंत घरात उरलेल्या तिघी बायका बसल्या होत्या. मधे ती उसवलेली गोधडी.

मनीषानं ती उचलून घडी घालायला घेतली. घरी नेऊन शिवून पाठवते, असं काहीतरी ती पुटपुटली. रंगूबाईनं घडीवर हात ठेवला.

"हितंच शिव. माझ्यासमोर."

हा राग होता की विश्वास, मला अजून कळलेलं नाही. मनीषानं डबीतला दोरा मेणावरून ओढला, मला बोटात नीट बसवलं आणि कापलेले टाके भरायला घेतले. आता मी हललो नाही. सुई उभी गेली, वळली, वर आली. चांगुणा पाहत होती. तिची बोटं मांडीवर तशीच हलत होती, पण तिनं मधे हात घातला नाही. शेवटचा टाका बसल्यावर मनीषानं सुई उजेडात धरून टोक पाहिलं, मगच ती ठेवली.

रंगूबाईनं गोधडी घेतली. ती दोन्ही हातांनी तोंडाशी धरली आणि आपला गाल तिच्यावरून घासत गेली. एक कोपरा, मग कड, मग मधला भाग, मग उलटी बाजू. अख्खी गोधडी तिनं आपल्या गालानं तपासली. मग पलंगावर अंथरली आणि नातवाला तिच्यावर निजवलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. चांगुणाची नजर मंदावली, तशी शिवणं मनीषाकडे आली. ती चिंधी माझ्यात कायमची राहिली. दोन हजार सालानंतर दुकानांत रंगीत फुलाफुलांची मऊ ब्लँकेटं आली आणि गोधड्या मागणारे कमी झाले. मी कधीकधी महिनोन्‌महिने डबीत पडून राहायचो. चांगुणा गेली, त्या वर्षी तर कुणी डबी उघडलीच नाही. मग बचत गटातल्या बायकांनी मनीषाला शिकवायला बोलावलं. ती त्यांना पहिल्या दिवशी टाका शिकवत नाही. सुई उजेडात धरायला शिकवते. उठण्याआधी टोक पाहा, मोडली तर सगळे तुकडे अखंड सुईशेजारी लावून पाहा, तोवर कापड कुणाला देऊ नका.

रेटून रेटून माझे खळगे झिजले. एकदा शिवता शिवता सुई माझ्यातून आरपार गेली आणि मनीषाच्या बोटात रुतली. तिनं मला काढून उजेडात धरलं. माझ्या डोक्यात भोक पडलं होतं. तिची मुलगी तेजस्विनी म्हणाली, की आजीची आठवण आहे, डाग देऊन भोक बुजवून घे, अजून चालेल. मनीषानं बोट तोंडात धरलं होतं. तिनं मानेनंच नाही म्हटलं, मला पुसलं आणि त्याच आठवड्यात बाजारातून नवा अंगुस्ताना आणला. त्याच्यात तिनं तेजस्विनीच्या बोटाच्या मापाची चिंधी बसवली.

मला वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच तुम्हाला सांगतात. मी वेगळं सांगतो. हत्यार झिजलं असेल, सैल असेल, तुटकं असेल, तर मायेपोटी ते कुणाच्या हातात देऊ नका. आम्ही असतो ते बोटासाठी. आम्हाला खुशाल ठेवून द्या. बोट जपा.